कोपऱ्यापुरती काटकसर

उमाकांतरावांना साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ती गुपचूप होऊ दिली असती. षष्ठ्यब्दी म्हणजे होम, होम म्हणजे गुरुजी, आणि गुरुजींच्या पाठोपाठ केटरर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण हेब्बाळच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांना विचारण्याची पद्धत ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले त्याच दिवशी बंद झाली होती. हेमलताबाईंनी मुहूर्त काढला, हॉल ठरवला आणि सुनेला म्हणाल्या, "मुग्धा, आमंत्रणाचं कार्ड मात्र हातात धरून ठेवावंसं वाटेल असं हवं गं. अक्कांसाठी."

अक्का हा घरातला नाजूक विषय होता, आणि तो नाजूक होण्याचं कारण मुग्धा होती. म्हणजे मुग्धाचं लग्न.

दीड वर्षापूर्वी ध्रुवचं तिच्याशी लग्न ठरलं तेव्हा उमाकांतरावांनी मोजक्याच पत्रिका छापल्या आणि बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ धाडलं. त्या बाकीच्यांत त्यांची सख्खी थोरली बहीणही गेली. अक्का राहायच्या येलहंक्याला, मुलाकडे. ट्रॅफिकनं मनावर घेतलं नाही तर अर्ध्या तासाचा रस्ता. आई लवकर गेली म्हणून या भावाला त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. त्यांनी ते पीडीएफ उघडलं नाही आणि त्या लग्नालाही आल्या नाहीत. "दारात येऊन अक्षता दिल्या असत्या तर आले असते," एवढाच निरोप मुलाकरवी आला. उमाकांतरावांचं म्हणणं पडलं, "सख्ख्या बहिणीला कसलं आमंत्रण? घरचीच आहे ती." अक्कांचं म्हणणं पडलं, "घरची आहे तर पीडीएफ कशाला?" दोन्ही मुद्दे बिनतोड असल्यामुळे बोलणंच बंद झालं.

मुग्धाला याबद्दल कोणी कधी बोल लावला नाही. माणसं सभ्य होती. फक्त लग्नाचा अल्बम बघताना पहिल्या रांगेतली एक रिकामी खुर्ची आली की सगळे जण पान जरा लवकर उलटायचे. ज्या बाईला आपण कधी पाहिलंही नाही तिच्या रुसव्याचं कारण होऊन बसणं मुग्धाला जड जात होतं. ती मूळची पुण्याची. तिच्या माहेरी माणसं रुसायची, पण निदान समोर बसून रुसायची.

कार्डांसाठी सासरे-सून चिकपेटेच्या बाजारात गेले. छापणाऱ्यानं नमुने दाखवले, दर सांगितला. उमाकांतराव "सरी" म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले. कानडी "सरी"चे 'बरं'पासून 'नको'पर्यंत अनेक अर्थ होतात. हा त्यांतला शेवटचा होता.

"बाबा, मी घरी करते," मुग्धा म्हणाली. "हातानं."

उमाकांतरावांनी सुनेकडे प्रथमच नीट पाहिलं.

मुग्धा एका टेक पार्कात नोकरीला होती आणि मोबाइलच्या पडद्यावरची बटणं गोल असावीत की चौकोनी यावर दिवसभर मीटिंगा करायची. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तिला जिचा कोपरा खरोखर बोटाला लागतो अशी एखादी वस्तू हातात घ्यावीशी वाटे. कागदाची हौस तिला शाळेपासून होती. शिवाय या घरात कच्च्या मालाला तोटा नव्हता. घरात आलेली एकही लग्नपत्रिका कधी टाकलेली नव्हती. कपाटाच्या वरच्या खणात दोन पिढ्यांची लग्नं गठ्ठ्यानं बांधून ठेवलेली होती. त्यांतली काही टिकली नव्हती, पण पत्रिकांच्या सोनेरी किनारी अजून टिकून होत्या. मुग्धानं त्या बारीक पट्ट्यांत कापून घेतल्या. हेमलताबाईंच्या जुन्या म्हैसूर सिल्कचा काठ विरला होता, त्याची जर निघाली. ऑफिसच्या श्रेडरमधून निघालेल्या रंगीत कागदाच्या शेवया तिनं पिशवी भरून आणल्या आणि दात कोरायच्या काडीवर गुंडाळून त्यांच्या वेली केल्या.

उरला कार्डांचा मूळ कागद. तोही चिकपेटेतच मिळाला, एका बोळातल्या घाऊक दुकानात. पत्रिका करणाऱ्याकडून परत आलेला गठ्ठा होता, मोत्यासारख्या रंगाची जाड, घडी घातलेली कोरी कार्डं. पावसात गोदामात पाणी शिरलं होतं आणि सगळ्या गठ्ठ्याचा एकच कोपरा भिजला होता. दर कार्डाच्या उजव्या खालच्या टोकाला चहा सांडल्यासारखा डाग. उमाकांतरावांनी दुकानदाराला तो डाग इतक्या वेळा आणि इतक्या दुःखानं दाखवला, की अखेर त्या माणसानंच गठ्ठा बांधून त्यांच्या हातात दिला.

"आता या डागाचं काय करायचं?" येताना मेट्रोत मुग्धानं विचारलं.

"तेवढा कापून टाकायचा," उमाकांतराव म्हणाले. विजयी माणसाला तपशील सुचत नाहीत.

पण मुग्धानं कापलेलं टाकलं नाही, आणि तिच्या मते त्यातच खरी गंमत होती. डाग कोपऱ्याशी गडद होता आणि पसरत पसरत मोतिया रंगात विरघळत होता. ते तिकोनी तुकडे एका बाजूनं गोल करून, कात्रीच्या पात्यानं जरा वळवून एकमेकांत बसवले की हुबेहूब चाफा व्हायचा, पोटात पिवळा आणि कडांना पांढुरका. पाच कार्डांच्या कोपऱ्यांतून एक फूल; गठ्ठा गरजेच्या पाचपट असल्यामुळे ते परवडलं. कार्डाच्या दर्शनी बाजूला तिनं उमाकांतरावांचा कॉलेजातला कृष्णधवल फोटो चिकटवला, खाली वळणदार अक्षरांत नुसतं नाव, फोटोच्या पायाशी चाफा. तारीख, वार, हॉलचा पत्ता, सोनेरी किनारी, जर आणि वेली, सगळं आत.

ध्रुवनं पाहिलं आणि म्हणाला, "व्हिंटेज! एकदम क्लासी."

उमाकांतरावांनी कार्ड हातात घेऊन कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांची सगळी हयात विमानांचे सुटे भाग तपासण्यात गेली होती. "चॅम्फर मारलास. छान केलंस. टोकदार कड कधी ठेवू नये, हाताला लागते."

हेमलताबाईंचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या काळा चष्मा लावून, डोळ्यांत थेंब घालून सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी कार्ड चाचपून फुलाला बोट लावलं. "चाफा ना? कळतंय गं हाताला," त्या म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांनी अशी आपापल्या परीनं कार्डाची तपासणी केली आणि ते पास झालं.

राहता राहिलं पाकीट. "पाकीट म्हणजे कार्डाला घातलेलं कार्ड," उमाकांतराव म्हणाले. मग पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ कव्हरं आली, मागं पत्त्याची पट्टी आणि तिकीट. गावातली कार्डं नंतर वाटायची होती. बाहेरगावच्या वडीलधाऱ्यांची आधी पोस्टानं निघाली.

"बाबा, अक्कांचं आपण जाऊन देऊ या ना," मुग्धा म्हणाली.

"माझ्या मुलाच्या लग्नाला आली नाही ती. मी का जाऊ?"

"म्हणूनच."

"पोस्ट सगळ्यांना सारखं," उमाकांतराव म्हणाले, आणि लोकशाहीचा मुद्दा आल्यामुळे चर्चा संपली. मुग्धानं अक्कांचा पत्ता सगळ्यांत देखण्या अक्षरात लिहिला, त्यांच्या कार्डावर सगळ्यांत चांगलं उमललेलं फूल लावलं आणि कार्ड स्वतः पेटीत टाकलं. टाकताना तिनं हातही जोडले. पेटीपाशी उभ्या असलेल्या गृहस्थानं तिच्याकडे आदरानं पाहिलं.

शनिवारी सकाळी हेमलताबाईंचा फोन वाजला. त्यांना नाव वाचता येत नव्हतं, म्हणून उमाकांतरावांनी उचलला.

"हॅलो."

पलीकडून एक जड, दबका आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी उमाकांत."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

"राँग नंबर," उमाकांतराव म्हणाले, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. फोन पुन्हा वाजला.

"हेमलतावहिनी हायत काय?"

"अरे विश्वा! तू होय?" हा विश्वेश्वर, त्यांचा धारवाडचा मावसभाऊ. "मी उमाकांत बोलतोय रे."

"कोण उमाकांत?"

"कोण म्हणजे? मी! तुझ्यासंगं शाळेत एका बाकावर बसायचो तो."

"तो गेला की रे!"

"कुठं?"

"कुठं म्हणून काय विचारतोस? वर! कार्ड आलंय इथं माझ्या हातात." विश्वेश्वरांचा आवाज कापत होता. "कोपरा कापून आलंय. वर फोटो, फोटोपुढं फूल, खाली नाव. पायरीवर बसून बघितलं, आता न्हाणीत पाणी काढायला सांगितलंय. तू खरंच कोण बोलतोस ते आधी सांग."

उमाकांतरावांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हे एकट्यानं ऐकण्यासारखं नव्हतं. "विश्वा, ते षष्ठ्यब्दीचं आमंत्रण आहे. कार्ड उघडून नाही का बघितलंस?"

"असलं कार्ड उघडून कोण बघतंय? नाव कळलं, संपलं!" मग बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो श्वास हसू लागला, आणि हसता हसता ओला झाला. "आयुष्य वाढलं बघ तुझं, लेका. पण कोपरा का कापलास? डोकं हाय का नाही?"

मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पोह्यांची ताटली होती आणि ती हळूहळू तिरकी होत चालली होती.

"आई, कोपरा कापला म्हणजे काय होतं?"

हेमलताबाईंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी तो काढायची सक्त मनाई केली होती. "अगं, कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाची बातमी! आमच्या लहानपणी पोस्टमननं असलं पत्र आणलं की बाहेरच वाचायचे, फाडून टाकायचे, अंगावर पाणी घ्यायचे आणि मगच घरात यायचे. तू... तू कोपरे कापलेस?"

"तुम्ही हात लावून बघितलं होतं ना!"

"मी फूल बघितलं गं! कोपरे मोजायचे असतात हे मला काय ठाऊक?"

"बाबा, तुम्हाला तरी..."

"मी चॅम्फर बघितला," उमाकांतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. असे भाग त्यांनी जन्मभर पास केले होते आणि आजवर त्यांतलं एकही विमान पडलं नव्हतं.

मग तिघांच्याही मनात एकाच वेळी एकच पत्ता आला, तो सगळ्यांत देखण्या अक्षरात लिहिलेला. येलहंका इथून जवळ. धारवाडला जर आज पोचलं असेल, तर तिथं नक्कीच पोचलं असणार. अक्का सत्तरीला आलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू.

अक्कांचा फोन बंद होता. त्यांचा मुलगा गुरुराज शनिवारीही कामावर असायचा. त्याचा फोन वाजत राहिला. त्याची बायको माहेरी गेली होती. म्हणजे घरात अक्का एकट्या, आणि त्यांच्या हातात ते कार्ड. लग्नाला बोलावलं नाही म्हणून ज्या बाई रुसल्या, त्यांना आपण पहिलंच जे काही स्वतःच्या हातानं करून पाठवलं, ते हे. आता त्या आल्या नाहीत तरी चालेल, आयुष्यभर बोलल्या नाहीत तरी चालेल, फक्त त्या ठीक असू देत, असं तिला वाटलं.

"बाबा, चला."

"मी?"

"मग कोण? तुम्ही आहात हे तुमच्याशिवाय मी कसं सिद्ध करू?"

उमाकांतराव उठले, घरच्याच लेंग्यात चपला घातल्या आणि भाडं न विचारता ऑटोत जाऊन बसले. मुग्धानं त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं. मागं हेमलताबाई नुकत्याच उठलेल्या ध्रुवकडून एकेक नंबर लावून घेऊन बाहेरगावच्या वडीलधाऱ्यांना फोन करत होत्या. जिना उतरताना मुग्धाला त्यांचा आवाज ऐकू आला होता. "नाही हो मामा, आहेत. हो, आत्ताच बघितलं मी. नाही, नुकतेच बाहेर गेले. बाहेर म्हणजे ऑटोनं. येलहंक्याला!"

"स्वल्प बेगा," उमाकांतराव ऑटोवाल्याला म्हणाले, म्हणजे जरा लवकर. ऑटोवाल्यानं पुढं हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर तुंबलेल्या गाड्यांकडे मान वळवली आणि ऑटो कशी उडते ते तुम्हीच दाखवा, अशा नजरेनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

मग उमाकांतराव म्हणाले, "उरलेल्या कार्डांचे चारी कोपरे कापले तर? सममिती येईल."

"बाबा, चौघं गेली असं वाटेल."

पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, "गठ्ठा मी पसंत केला होता. तुझा दोष नाही."

"कात्री माझी होती."

"डागाचं तर मीच सांगितलं." त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "आई गेल्याचं पत्र मामाला अक्कानंच लिहिलं होतं. शाळेत होती ती. पत्राचा कोपरा कापायला तिला माझी कात्री लागली. क्राफ्टची, बोथट. एवढासा कोपरा, पण कापता कापेना." ते बाहेर बघत राहिले. "आणि मी अंगठा फिरवून चॅम्फर म्हटलं."

ऑटोवाल्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं हॉर्न वाजवणं थांबवलं.

गुरुराजचं घर जुन्या येलहंक्यात, तळमजल्यावर. पुढं एवढंसं अंगण, रांगोळी, दारालगत सिमेंटचा कट्टा. फाटक उघडंच होतं. कट्ट्यावर एक उंच, काटकुळी बाई भिंतीकडे तोंड करून ताठ बसली होती. फाटकाजवळ चपलांच्या मांडणीवर, सगळ्यांत वरच्या फळीला, प्लॅस्टिकच्या कव्हरातलं कार्ड पालथं पडलं होतं. ते वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक कुंडी ठेवली होती.

"अक्का," उमाकांतराव म्हणाले.

बाई वळली. तिनं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर सरळ त्यांच्या पायांकडे गेली. पावलं पुढच्या बाजूला होती. मगच तिनं वर पाहिलं.

"उम्या," अक्का म्हणाल्या.

"हो."

"तू आहेस."

"हो गं."

"मग कोण गेलं?"

"कोणीच नाही."

"हेमलता?"

"आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं."

"मला कळवलं नाही."

"तू बोलत कुठं होतीस?"

"मी बोलत नव्हते म्हणून तुम्ही परस्पर ऑपरेशन करून घ्यायचं?" अक्कांचा आवाज चढला, आणि चढता चढताच मोडला. त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या. उमाकांतराव त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकले. विमानांचे भाग तपासण्याच्या धंद्यात रडणाऱ्या बहिणीचं काय करायचं हे शिकवत नाहीत; त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दिला, काढायची योग्य वेळ कोणती हे न कळल्यासारखा.

"सकाळी पोस्टमन आला," अक्का पदरातूनच म्हणाल्या. "पाठवणाऱ्याचा पत्ता हेब्बाळचा. कोपरा कापलेला. म्हटलं, उलटून बघायचंच नाही. मी बघत नाही तोवर सगळे आहेत. फोन येईल म्हणून फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. म्हटलं, गुरुराज रात्री आला की तो बघेल. तोवर आजचा दिवस तरी माझा."

मुग्धा फाटकाशीच उभी होती. ऑटोत तिनं मनात पाठ केलेली माफी कुठल्या कुठं गेली होती. "अक्का, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी मुग्धा. कार्ड मी केलंय. कागदाच्या कोपऱ्याला डाग होता. मला खरंच ठाऊक नव्हतं हो, कोपरा कापला की... आमच्याकडे सगळं मोबाइलवरच येतं. मरणसुद्धा."

अक्कांनी डोळे पुसले आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आण ते इकडे."

मुग्धानं कुंडी उचलली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. अक्कांनी ते सावकाश सुलटं केलं.

"हा कोण?"

"मीच. कॉलेजातला," उमाकांतराव म्हणाले.

"एवढे केस होते तुला?" अक्कांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "होते. तेल मीच लावायची. आणि हे फूल?"

"कापलेल्या कोपऱ्यांचंच केलंय," मुग्धा म्हणाली. "डागाचा भाग आतल्या बाजूला घेतला, म्हणून पिवळं दिसतं."

अक्कांनी चाफ्याच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं, मग कार्ड उघडून आतलं सगळं वाचलं. होमाची वेळ ओठ हलवत दोनदा वाचली. "कापलेलंही टाकलं नाहीस?"

"नाही."

"या घरात निभावून नेशील तू," अक्का म्हणाल्या. हे कौतुक आहे की सहानुभूती हे मुग्धाला कळलं नाही, पण तिच्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं. ती पायरीवर बसली.

"तर मग ये बुधवारी," उमाकांतराव उठत म्हणाले. "सकाळी होम आहे. गुरुराजलाही सांग."

"हे काय? हे आमंत्रण?"

"आता आणखी काय? कार्ड दिलं, मी स्वतः आलो..."

"तू आमंत्रणाला आलास, की मी मेले का बघायला आलास?" अक्कांचा रंग झपाट्यानं परतत होता. "अक्षता कुठायत? एवढा सोन्यासारखा कागद पोस्टात टाकायला वेळ आहे, चिमूटभर तांदूळ आणायला नाही?"

उमाकांतरावांनी खिसे चाचपले. चष्म्याचं घर निघालं आणि बसचा पास निघाला. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या भावाला घरच्या लेंग्यात, न जेवता, ट्रॅफिकमधून धावत यावं लागलं, त्याच्या खिशात अक्षता नसतात, हे त्यांनाही दिसत होतं. पण दीड वर्षाचा हिशेब असा सहजासहजी माफ करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या उठून आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तांदळाची वाटी होती आणि दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. तांदळात त्यांचा मोबाइलही होता. तो त्यांनी मुग्धाकडे दिला.

"घे," त्या भावाला म्हणाल्या. "कालव कुंकू. आणि कार्डालाही लाव. चारी कोपऱ्यांना लावायचं असतं."

उमाकांतरावांनी अनामिकेनं तीन कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि चौथ्याशी येऊन थांबले. "इथं तर..."

"तिथं दोनदा लाव," अक्का म्हणाल्या.

त्यांनी कापलेल्या कडेला दोनदा बोट टेकवलं. मग अक्कांच्याच दारात, अक्कांच्याच वाटीतल्या अक्षता अक्कांच्या हातावर ठेवून ते लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, "बुधवारी माझी षष्ठ्यब्दी आहे. घरचंच कार्य आहे. तू यायचंस."

अक्कांनी मूठ मिटली. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा त्यांनी बराच प्रयत्न केला.

"बघते," त्या म्हणाल्या. "सवड झाली तर." आणि लगेच मुग्धाकडे वळल्या. "सकाळपासून माझ्या पोटात काही नाही. तुमच्याही नसेल. चित्रान्न करते, फोडणीच्या भाताला लिंबू पिळून. चल, तू मोहरी काढ. आणि त्या हॉलला पायऱ्या किती आहेत गं? माझा गुडघा दुखतो. हिरवी इरकल नेसले तर चालेल ना होमाला?"

मुग्धा त्यांच्या मागोमाग आत गेली. मोहरीचा डबा शोधताना तिच्या लक्षात आलं की तिला कडकडून भूक लागली आहे. सकाळचे पोहे हेब्बाळला दाराशी तसेच राहिले होते. तिनं अक्कांचा फोन चालू केला, तांदळाचे दाणे झटकले. तो लगेच वाजला.

"अक्का?" पलीकडून हेमलताबाईंचा रडवेला आवाज.

"आई, मी मुग्धा."

"आहेत का गं?"

"कोण?"

"दोघं!"

मुग्धानं मागं वळून पाहिलं. अक्का कढईत तेल घालत होत्या. उमाकांतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगत होते, की सख्ख्या बहिणीला मुळात आमंत्रण लागतच नाही, हे तत्त्व म्हणून ते आजही सोडणार नाहीत. अक्का म्हणत होत्या की असं असेल तर त्या पीडीएफचं काय ते त्यानं आत्ताच्या आत्ता सांगावं.

"आहेत," मुग्धा म्हणाली. "दोघंही आहेत, आई. भांडतायत."